नाचणकर सरांची साठ कलमं

नाचणकर सरांच्या केबिनमधल्या खुर्चीवरचं प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नव्हतं. खुर्ची नवी आली तेव्हा तिच्यावर जे पारदर्शक आवरण होतं, ते तसंच. त्या खुर्चीवर फायली बसायच्या, कधी कुंडी बसायची, एकदा तर वाटेत सापडलेलं मांजरीचं पिल्लू आठवडाभर बसलं होतं. सर मात्र बसलेले कुणी पाहिले नव्हते. रत्नागिरीजवळच्या आमच्या उद्यानविद्या महाविद्यालयात ते रोपवाटिका आणि फळझाडं शिकवायचे. आडनाव नाचणे गावावरून पडलेलं, पण आमच्यापुरता त्याचा अर्थ ठरलेला होता. "नाचणकर आहेत, नाचणारच," असं आमचे हेड क्लार्क सरांच्या तोंडावर म्हणायचे आणि सर तेवढ्यात निघूनही गेलेले असायचे.

पहिल्या तासाला ते वर्गात आले, फळ्यावर तारीख लिहिली, खडू ठेवला आणि म्हणाले, "वर्गात झाड येत नाही. चला." आम्ही वह्या गोळा करेपर्यंत माणूस काजूच्या बागेत पोचलेला. पुढची चार वर्षं आम्ही त्यांच्या मागे धावण्यातच काढली. धावता धावता जे कानावर पडेल ते शिक्षण. अर्धं वाक्य आंब्याखाली, उरलेलं नारळाखाली. मागे राहिलेल्यांना फक्त "म्हणून" ऐकू यायचं, आणि कशामुळे म्हणून, ते पुढच्यांना विचारून घ्यावं लागायचं.

मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. गावं राहायची. "ए लांजा, पाण्याची झारी आण." "गुहागर, चाकूला धार कुठाय?" मी पूर्णगडची. आमचं घर मासळीचं. वडील होडीवर, आई टोपली घेऊन बाजारात. झाडांशी आमचा संबंध माडाच्या सावलीपुरता. फलोत्पादनाला मी आले ती मार्क तेवढेच पडले म्हणून, हे सांगायला आता लाज वाटत नाही. सरांनी यादी बघून विचारलं, "पूर्णगड कोण? होडी सोडून इकडे कशी गो आलीस?" सगळे हसले. मला तेव्हा फार राग आला होता.

तो राग गेला पानांच्या परीक्षेत. ही परीक्षा सरांच्याच डोक्यातली, अभ्यासक्रमात ती कुठेच नव्हती. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, हातात पान द्यायचं, चुरगळून वास घ्यायचा आणि झाड ओळखायचं. आंबा, काजू, जायफळ, दालचिनी इथवर बरेच जण पोचायचे. माझ्या हातात एक कोवळं पान आलं. वास काही लागेना. मागचे खुसुखुसू हसायला लागले तशी मी घाबरून ते पान चक्क तोंडात टाकलं. आंबट! बांगड्याच्या कालवणातलं आंबट. "आमसूल," मी ओरडले.

"रातांबा म्हण," सर म्हणाले, "आमसूल पुढे होतं. पण पूर्णगड पास! बाकीच्यांनी पाठ केलं, हिने चाखलं." मी रुमाल काढून मान ताठ करते न करते तोच माझ्या डोक्यात टपली बसली. "आणि कण्हेर दिली असती तर? आत्ता तुझ्या बापाला फोन करत असतो मी. यापुढे न बघता काही तोंडात घालायचं नाही." एका मिनिटात शाबासकी आणि टपली, दोन्ही. सरांचं सगळं असंच होतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कलमाचा चाकू असायचा आणि उजव्या तर्जनीला कलम बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचे चार वेढे. घरीही ते वेढे सुटत नसावेत, कारण सरांच्या बायकोने, काकूंनी, एकदा आम्हाला सांगितलं होतं की हे वरणभातसुद्धा चार बोटांनी जेवतात. कलम बांधून झालं की त्यावर पातळ पिशवीची टोपी घालायची आणि तीन आठवडे तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. टोपी उचलून बघणाऱ्याला ते सगळ्यांसमोर फाडून खात. आणि रोज सकाळी सात वाजता सावलीच्या जाळीखाली ओणवे होऊन टोप्या उचलून बघणारा माणूस कोण, तर सर! गुहागरने त्यांना एकदा रंगेहाथ पकडलं. "बघत नव्हतो, मोजत होतो," सर म्हणाले आणि तरातरा निघून गेले. त्या वर्षी त्या रांगेतली निम्मी कलमं मेली.

आम्हाला त्यांचा हा अधीरपणा मजेचा वाटायचा. त्याची खरी किंमत आमच्या शेवटच्या वर्षी कळली.

शेवटच्या वर्षाला मुलांनी स्वतःची रोपवाटिका चालवायची असते. पिशव्या भरण्यापासून गिऱ्हाइकाला रोप गाडीत चढवून देईपर्यंत सगळं आपण करायचं. आमच्या तुकडीने रातांब्याची कलमं घेतली. रातांब्याची एक गंमत आहे. त्यात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. फळ मादीलाच. बी लावलं तर झाड नर की मादी ते फूल येईपर्यंत देवालाच ठाऊक. म्हणून मादी झाडाची काडी कापून रोपावर बांधायची, म्हणजे कलम हमखास मादीचं. पण मादी ओळखायची फुलावरून, फुलं येतात डिसेंबरच्या सुमाराला, आणि कलमं बांधायची जूनमध्ये. मधे सहा महिन्यांचं अंतर. सरांनी त्यावर उपाय काढला होता. डिसेंबरात फुलं बघायची आणि मादीच्या बुंध्याला गेरूचा पट्टा मारायचा. जूनमध्ये पट्टा बघून काड्या काढायच्या. पत्र्याच्या खुणा ठोका असं कुणी सुचवलं की सर म्हणायचे, "झाडाला खिळा? तुला ठोकू का?"

त्या मे महिन्यात सर दहा दिवस कसल्याशा प्रशिक्षणाला परगावी गेले. आणि नेमकी त्याच वेळी महाविद्यालयात तपासणी समिती यायची ठरली. आता समिती यायची म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. झाडं रंगवली गेली. खाली गेरू, वर चुना. आवारातलं एकही झाड सुटलं नाही. रातांब्याचा सगळा तुकडा, नर काय नि मादी काय, एकसारखा लाल-पांढरा होऊन ओळीत उभा. फळं आधीच उतरून झाली होती. झाडाखाली पडलेलं बीसुद्धा पाहुण्यांसाठी झाडून लख्ख केलेलं.

सर परत आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी तो तुकडा बघितला आणि डोक्याला हात लावला. मग असे काही ओरडले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. हेड क्लार्क म्हणाले, "अहो, समितीने झाडांचं कौतुक केलं! रिपोर्टात लिहिलंय."

लांजाने विचारलं, "सर, या वर्षी थांबायचं का? डिसेंबरात फुलं बघू, पट्टे मारू, कलमं पुढच्या जूनला."

"पुढच्या जूनला तुम्ही असाल इथे? थांबायचं कुणी?" सर म्हणाले. "सगळी झाडं माझ्या डोक्यात आहेत." आणि खरंच, सुंभाच्या दोऱ्या घेऊन ते सटासट निघाले. ही मादी, हा नर, ही मादी, ही मादी. पाव तासात दोऱ्या बांधून मोकळे. आम्ही थक्क झालो. त्यांच्या दोऱ्या बघून आम्ही काड्या काढल्या, कलमं बांधली आणि ती छान लागली. ऑगस्टात साठ कलमं एका गिऱ्हाइकाला गेली. आतल्या अंगाच्या एका गावातल्या बायकांचा गट होता. पुरुष बहुतेक मुंबईला. बायकांना आमसुलं आणि आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, करायचं होतं. त्यांची पुढारी सुमित्राकाकी, पन्नाशीची, काटक. टेम्पोत ती स्वतः मागे बसली, कलमं पडू नयेत म्हणून.

डिसेंबरात सर नेहमीप्रमाणे फुलं बघायला गेले. मी आणि लांजा मागे. दोरीच्या एका झाडापाशी ते थबकले. फांदी खाली ओढली, भिंग लावलं. मादीच्या फुलात मधोमध हिरवा मणी असतो, तेच पुढे फळ. नराच्या फुलात मणी नाही, नुसता पिवळट केसरांचा झुबका. त्या झाडावर झुबकेच झुबके होते. सरांनी दुसरी फांदी ओढली, तिसरी ओढली. मग शेजारच्या झाडाकडे बघितलं. त्या दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

"शेजारणीची फळं याच्या अंगावर बघितली होती मी," सर हळू आवाजात म्हणाले.

त्या झाडाच्या किती काड्या आम्ही काढल्या होत्या कुणालाच सांगता येईना. दहा असतील, पंधरा असतील. सगळी कलमं एकत्र मिसळून गेलेली. नर-मादी कळायचं म्हणजे त्यांना फुलं यायला हवीत. त्याला चार-पाच वर्षं. सरांची नोकरी उरली होती दोन वर्षं.

स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा झाली आणि ती दाराबाहेर ऐकू येत होती. "कलमं काय, निम्मी उन्हाळ्यात मरतील." "चार वर्षांनी कोण विचारतंय?" "लेखी काही देऊ नका फक्त." बोलणारे वाईट नव्हते, त्यांना सरांची काळजीच होती. सर बाहेर आले, स्कूटरला किक मारली आणि आम्हाला म्हणाले, "यायचं असेल तर या. नाहीतर मी एकटा जातो." आम्ही लांजाच्या गाडीवरून मागोमाग गेलो.

सुमित्राकाकीच्या गावच्या कातळावर मी प्रथमच जात होते. बायकांनी जांभा फोडून खड्डे घेतले होते, त्यात खालून शेतातली माती डोक्यावरून आणून भरली होती. विहीर उताराच्या तळाशी. कळशा घेऊन चार बायका चढत होत्या. सरांनी इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगितलं. गेरू, समिती, दोऱ्या, आपली घाई, सगळं.

काकीने कळशी खाली ठेवली. "म्हंजे यातली काय झाडां फळ देनार नाय?"

"नाही देणार."

"कंची ती?"

"ते मला माहीत नाही."

"मंग कवा कळनार?"

"फुलल्यावर. चार वर्षांनी. पाचही लागतील."

"वा वो सर! म्हंजे आमी चार वर्सां ह्या चढनीनं पानी घालायचां आनि मंग तुमी सांगनार, ह्या झाडाचा पानी फुकट गेला?" तिचा आवाज चढला होता. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. काड्या काढणाऱ्या हातांत माझेही हात होते.

सर म्हणाले, "सगळी उपटून टाकू. पुढच्या पावसात साठ नवी कलमं मी आणून देतो."

"उपटायची?" काकी भडकलीच. "जगलेलां झाड उपटायचां? तुमी मास्तर हात ना?"

मग सरांनी दुसरा मार्ग सांगितला. जे झाड नर निघेल त्याचा बुंधा गुडघाभर ठेवून वरचं छाटायचं, नव्या फुटव्यावर मादीची काडी बांधायची. मुळं तीच, झाड मादीचं. पाणी फुकट जात नाही. "एकेक झाड मी स्वतः येऊन बदलून देईन," सर म्हणाले. काकीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "तवर तुमी असाल काय?" असं तिने रोखठोक विचारलं.

त्यानंतरचे सर आम्ही पाहिले ते आधीपेक्षाही सैरभैर. आधी ते कामामागे धावायचे, आता त्यांच्याच मागे काहीतरी लागलं होतं. दर महिन्याला ते कातळावर जायचे. फुलायला अजून वर्षं होती, तरी जायचे. पानं उलटून बघायचे, जणू झाड त्यांना आधीच गुपचूप सांगणार होतं. "सर, जरा दमानं घ्या, झाडाला लाज वाटंल," अशी काकी त्यांची थट्टा करायला लागली. तिचा राग पहिल्याच उन्हाळ्यात गेला होता, कारण त्या उन्हाळ्यात सरांनी स्वतः कळशा वाहिल्या. एक कळशी फोडलीही. मग काकीने त्यांना पाण्यापासून लांब ठेवलं.

सर निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या भाषणात ते दोन वाक्यं बोलले आणि कुणाच्या हातातला नारळ घेऊन थेट रोपवाटिकेत गेले. मी तोवर शिक्षण संपवून जवळच एका रोपवाटिकेत लागले होते. सकाळी सहाला फोन वाजला की तो सरांचाच. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "पूर्णगड, बत्तीस नंबरला कळी आलीय म्हणते सुमित्राबाई." काकी तोवर मोबाईलवर फोटो धाडायला शिकली होती. त्या फोटोंत फुलापेक्षा तिचा अंगठाच जास्त दिसायचा. "फोटोत सगळीच फुलं चांगली दिसतात," सर म्हणायचे आणि पायात चपला सरकवायचे.

चौथ्या वर्षी पहिली झाडं फुलली. सर फांद्यांमधून वेड्यासारखे फिरले. "मादी! मादी! ही पण मादी!" त्यांचा आवाज खाली विहिरीपर्यंत जात होता आणि बायका हसत होत्या. मग सात नंबर नर निघाला. सरांचा चेहरा उतरला. लगेच करवत. जूनमध्ये भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन त्यांनी काडी बांधली, आणि टोपी उचलून बघायचा मोह होईल म्हणून काकीला म्हणाले, "मला तीन आठवडे इथे येऊ देऊ नका." काकीने खरंच येऊ दिलं नाही. तीनदा वाटेवरून परत पाठवलं.

असे अकरा नर निघाले. अकराही सरांनी बदलले. मादी झाडांवर फळं धरायला लागली होती, अंगणात रातांब्याच्या सालींची वाळवणं पडत होती. काकीच्या सुनेने आगळाच्या बाटल्यांवर लावायची चिठ्ठी छापून आणली होती. एकोणसाठ झाडांचा निकाल लागला. राहिलं एकच, कातळाच्या कडेचं, फणसाच्या सावलीत खुरटलेलं. ते काही केल्या फुलेना. पाचवं वर्ष गेलं, सहावं गेलं. सरांच्या झोपेचं त्या झाडाने वाटोळं केलं, असं काकू म्हणायच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला साखरेनं गाठलं. स्कूटर सुटली. मी त्यांना माझ्या गाडीवर मागे बसवून न्यायची आणि ते सगळी वाट माझ्या कानाशी "लवकर, लवकर" करत असायचे.

गेल्या डिसेंबरात काकीचा फोन आला. साठावं फुललं.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. सरांनी फांदी धरली, भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दिसत नाही गो नीट," ते म्हणाले. "तू बघ."

मी बघितलं. मणी नव्हता. मी सरांकडे बघितलं. मानेवरच्या शिरा दिसत होत्या, शर्ट दोन मापं मोठा झाला होता. या माणसाची सात वर्षं या कातळावर गेली होती. माझं मन विरघळलं. म्हटलं, एक झाड, काय बिघडतं? जूनमध्ये मी गुपचूप येऊन बदलून टाकीन.

"मादी आहे, सर," मी म्हणाले.

सरांनी एक फूल खुडलं, अंगठा आणि तर्जनीच्या मधे घेऊन सावकाश चोळलं. बोटं उघडून माझ्यापुढे धरली. बोटांवर नुसती पिवळी भुकटी होती. "मणी कुठाय?" त्यांनी विचारलं. "तुला मी नापास करायला हवी होती." माझे डोळे भरून आले.

काकीने ते ऐकलं. ती म्हणाली, "ऱ्हांव दे वो सर ता एक. बागंत एकाद नर पायजेच, तुमीच सांगता ना?"

"पाहिजेच. मी सांगून दिला असता तर मीच म्हटलं असतं, ठेवा," सर म्हणाले. "हा न सांगता आलाय, सुमित्राबाई. नर हवा असेल तर पावसात वेगळा देतो, नर म्हणून सांगून. हा कापायचा."

कापायचं म्हटल्यावर आताच. त्यांनी खाली वाकून बुंध्यावर हात ठेवला आणि "इथे" म्हणाले. मी करवत घेऊन थांबले. हात काढा म्हटलं तर म्हणाले, "मी काढला की तू वर कापशील." शेवटी काकीने त्यांचा हात धरून बाजूला केला.

मार्चमध्ये सर गेले. जूनमध्ये त्या खुंटावरच्या फुटव्याला काडी मी बांधली. पण मला ते दिसतात ते त्या डिसेंबरच्या दुपारचे, त्यांच्या घराच्या बेड्यापाशी, फाटकाशी. मी त्यांना उतरवलं, गाडी वळवली. काकू आतून हाका मारत होत्या, जेवण गार होत होतं. सर आत जाईनात. माझ्या गाडीचं हँडल धरून उभे राहिले.

"पूर्णगड, उद्याच कॉलेजच्या तुकड्यात जा," ते म्हणाले. "झाडं फुललेली आहेत तोवर काडी कुठल्या झाडाची घ्यायची ते ठरवून ठेव. एकेक फूल हातात घेऊन बघ. ती बांधापासची तिसरी आहे ना, ती मादी आहे, मी सांगतो." एवढं बोलून ते थांबले. हँडलवरचा हात तसाच होता. मग मान हलवून म्हणाले, "नको. मी सांगतो म्हणून धरून चालू नकोस. तू बघ."